लालबाग ते वडाळा, पायी

पंढरपूरला जायला सुट्टी कुणाला मिळते, म्हणून आम्हा लालबाग-परळवाल्यांची वारी वडाळ्यापर्यंतच. कात्रक रोडचं विठ्ठल मंदिर, तेच आमचं प्रतिपंढरपूर. २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती, २९ जूनला, गुरुवार होता. चाळीतली छोटीशी दिंडी निघाली तेव्हा पाऊस असला की हिंदमाताला पाणी तुंबतंय की काय हेच डोक्यात, अभंग नंतर.

हिंदमाताच्या पुढे सिग्नलला एक जण नमाज करून बाईकवर घरी निघालेला, नवाकोरा पांढरा कुर्ता, पुढे टाकीवर छोटा पोरगा. दिंडीत अडकला. म्हटलं आता हा हॉर्न मारणार. पण पोरगं टाळांकडे डोळे लावून बसलेलं, मग टाळवाल्या काकांनी टाळ सरळ त्याच्या हातात दिले, त्याने असे काही बडवले की आमचा अख्खा ठेका गेला, मृदंगवाला हसत थांबलाच. बाप म्हणतो "बस बेटा, चाचा को दे दे", तर काका त्याच्याच पायाशी "माऊली" म्हणत वाकले. तो जाम गडबडला, बाईक सोडता येईना, शेवटी छातीला हात लावला. काकांना काही विशेष नाही, म्हणे अरे तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद तर आपलेच संत.

ते 'सगळे धर्म सेमच' टाईप फॉरवर्ड मला पटत नाहीत हां. सेम नाहीयेत. पारशी कॉलनीतल्या अग्यारीत मला आत जाता येत नाही, त्यांचा नियम आहे, असू दे की. अल्लाला रूप नाही आणि आमचा तर कमरेवर हात ठेवून उभा. ओढ मात्र ओळखीची वाटते.

रांगेत पुढे नायगावच्या एक मावशी होत्या, डोक्यावर तुळस, गुडघ्याला नीकॅप. बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेना (म्हणजे त्यांची ठरलेली प्रार्थना), गुरुवारी तिथेच मखदूम बाबांचा दर्गा (आज पण संध्याकाळी जाणार होत्या), आणि बांद्र्याला मोत माऊलीला, म्हणजे टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चला, गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहून आलेल्या.

"मग विठोबाकडे काय मागणार?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. "ह्याच्याकडे काय मागायचं रे? ह्याला बघायला आलेय."

म्हणजे तिकडे चोख मागणं आणि इकडे नुसतं बघायला तासन्‌तास भिजत उभं राहायचं, आणि दोन्ही त्याच बाईला एकदम नॉर्मल! मी त्यावर विचार करत होतो तोवर रांग सरकली, मागून धक्का आला, मावशी ओरडल्या "अरे चल ना पुढे", आणि चालता चालता मला सप्टेंबरचं आमंत्रण पण देऊन मोकळ्या, ८ तारखेनंतरच्या रविवारी बांद्र्याची जत्रा लागते, टेकडी चढताना हात धरायला कोणीतरी लागतं म्हणे.