सुरीला पाणी देताना

पात्याला पाणी देणे, म्हणजे ते तापवून झटकन गार करून कडक करणे, हा शब्दप्रयोग मी सुऱ्या घडवायला लागण्यापूर्वी अनेकदा वाचला होता, आणि त्यातले पाणी म्हणजे बादलीतले साधे पाणीच, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातल्या सुरीचे पातळ पाते तापवून पाण्यात बुडवले तर ते बहुधा तडकते. माझ्या भट्टीशेजारच्या उभट डब्यात असते ते खाद्यतेल, आणि तेही ५० अंश सेल्सिअसपर्यंत गरम केलेले. गरम तेल अधिक पातळ होते, पात्याभोवती धरणारा वाफेचा पापुद्रा लवकर मोडते आणि त्यामुळे गार तेलापेक्षा वेगाने उष्णता ओढून घेते, हे माझ्या गळी उतरायला बराच वेळ लागला.

पोलादाच्या निवडीबद्दल फारसे सांगण्याजोगे नाही. सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेले साधे पोलाद घरगुती भट्टीला मानवते. भंगारातला तुकडा फुकट मिळतो खरा, पण तो कसला आहे हे ठाऊक नसेल तर पुढचे सारे अंदाजपंचेच होते. आकार कापणे, कानशीने उतार काढणे, मुठीच्या खिळ्यांसाठी भोके पाडणे ही कामे पाते मऊ आहे तोवरच उरकावी लागतात. धार मात्र तेव्हा काढायची नसते. माझ्या पहिल्या सुरीची कड मी उत्साहाच्या भरात कागदासारखी पातळ केली होती, आणि ती तेलात शिरताच ‘टिंग’ असा बारीकसा आवाज आला. तीन दिवसांच्या घासकामाचा निकाल त्या एका आवाजाने लागला. तेव्हापासून मी कडेला जवळपास एक मिलिमीटर जाडी राखतो.

तापवण्याचे काम शक्यतो अंधारात करावे, कारण भर उजेडात पोलादाचा रंग फसवतो. पाते लाल होत जाते आणि एका टप्प्याला लोहचुंबक त्याला चिकटेनासा होतो. त्याच सुमारास नीट निरखून पाहिले, तर त्या लालीतून एक काळसर सावली सरकताना दिसते. आतली स्फटिकरचना बदलत असताना पोलाद उष्णता गिळते, म्हणून तेवढा भाग क्षणभर मागे रेंगाळतो. ही सावली पाहण्यासाठी मी, गरज नसतानाही, एकच पाते दोनदा तापवलेले आहे. ती टोकापर्यंत जाऊन विरली, की आणखी थोडे थांबून, ८१५ अंशांच्या आसपास, पाते टोक खाली करून सरळ तेलात सोडायचे. तिथे ते आडवे हलवले तर वाकते. इतक्या झपाट्याने गार होताना रचनेत विरघळलेल्या कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, आणि त्याच्या तशा अडकून पडण्यातूनच कडकपणा येतो.

बाहेर काढलेल्या पात्यावर कानस फिरवली, तर ती काचेवरून निसटावी तशी निसटते. या क्षणी माणूस फुशारतो, आणि नेमकी याच क्षणी सुरी सर्वांत निरुपयोगी असते, कारण हातातून फरशीवर पडली तर तिचे दोन तुकडे व्हायचे. म्हणून फार वेळ न दवडता ती २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवायची, गार होऊ द्यायची आणि पुन्हा दोन तास ठेवायची. एवढ्या खटाटोपाने चढवलेले पाणी आपल्याच हाताने थोडे उतरवायचे, हे सुरुवातीला माझ्या जिवावर येत असे. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढला, की चिवटपणा आला असे समजावे.

खऱ्या पाण्याची गरज पडते ती त्यानंतर, शेवटची धार काढताना. घासपट्ट्याच्या यंत्रावर पातळ कड चटकन तापते, म्हणून दर दोन हातांनंतर ती बादलीत बुडवावी लागते. एकदा मी बोलण्याच्या नादात ते विसरलो आणि टोकाजवळ नखाएवढा निळा डाग उमटला, म्हणजे तिथले पोलाद ३०० अंशांच्या घरात जाऊन मऊ पडले. ती सुरी रोजच्या वापरात आहे. टोमॅटो चिरताना तिचे टोक सालीवरून घसरते, आणि मग मी हात थोडा मागे घेऊन मधल्या धारेने कापतो.