स्लीप २

आमच्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवायच्या सूचनांमध्ये, एक ओळ होती, नुसतं 'स्लीप २'. म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा दोन सेकंद काही करू नकोस, गप्प बस. वर कमेंट, 'काढू नका'. बास. का काढू नका, कोणी सांगितलं, काढलं तर काय होईल, काही नाही. कोडमधल्या बदलांचा इतिहास आम्ही गिटमध्ये ठेवतो; कुठली ओळ कोणी कधी घातली ते दाखवणारं त्यातलं गिट ब्लेम करून बघितलं तर ती ओळ एका प्रचंड कमिटमध्ये (एकदम नोंदवलेल्या बदलात) आलेली, सबव्हर्जन या तसल्याच जुन्या सिस्टिममधून सगळा प्रोजेक्ट गिटमध्ये आणला तेव्हाची. त्याच्या मागचा इतिहासच नाही, सगळ्या वाटा तिथेच संपतात.

ही स्क्रिप्ट माझ्याकडे कशी आली तर सहा वर्षांपूर्वी मी एका ओळीचा पॅच, म्हणजे छोटा बदल, पाठवला होता म्हणून. ओपन सोर्समध्ये बिल्ड स्क्रिप्टला ज्याने शेवटचा हात लावला त्याच्या गळ्यात ती पडते, बाकीचे पटकन लांब होतात. फीचर लिहिणाऱ्यांचं नाव होतं, स्क्रिप्टवाल्याची आठवण फक्त काहीतरी मोडलं की येते. आईने एकदा विचारलं की रात्री बसून नक्की करतोस काय, तर मी म्हटलं कोडच्या हजारो फायली असतात, त्या कुठल्या क्रमाने कंपाइल करायच्या (मशीनच्या भाषेत आणायच्या), कुठल्या लायब्ऱ्या आधी शोधायच्या, नाही सापडल्या तर काय करायचं, हे सगळं मी लिहून ठेवतो. ती म्हणाली, म्हणजे तू स्वयंपाक करत नाहीस, काय आधी भिजत घालायचं तेवढं सांगतोस. यापेक्षा नीट व्याख्या मला अजून मिळालेली नाही.

आणि स्क्रिप्ट दिसते मात्र आमच्या जुन्या घरातल्या माळ्यासारखी. एक पाय मोडलेला पाळणा, झाकण नसलेले डबे, कुणाच्या तरी लग्नातलं घंगाळ, आणि प्रत्येक दिवाळीला तेच, 'असू दे, लागेल कधीतरी'. इथेही तसंच. उबुंटू या लिनक्सने २००६ मध्ये ६.१० व्हर्जनला स्क्रिप्टी चालवणारा साधा शेल म्हणून बॅशच्या जागी डॅश आणला आणि बॅशच्या भरवशावर लिहिलेल्या लोकांच्या स्क्रिप्टी धडाधड मोडल्या, त्या वेळची ठिगळं आमच्याकडे अजून आहेत. मॅकवर उलटं, तिथे लायसन्सच्या भानगडीमुळे बॅश ३.२ वरच अडकलाय, तोही २००६ चाच, त्यामुळे कोणी हौसेने नवीन बॅशमधलं काही वापरून पॅच पाठवला की मला नाही म्हणावं लागतं आणि समोरच्याला वाटतं हा माणूस खडूस आहे. (असेनही.)

ही सगळी स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी कधी वाचलीच नव्हती, खरं सांगतो. वाचली ती मार्च २०२४ नंतर. तेव्हा फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या टूलचं प्रकरण झालं. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला दूरच्या मशीनवर शिरताना, एसएसएच लॉगिनला, साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तेवढ्यावरून खणत खणत तो एक्सझेडमध्ये लपवलेल्या एका बॅकडोरपर्यंत, म्हणजे चोरवाटेपर्यंत, पोचला. बॅकडोर सुरू करणारी ओळ होती कुठे, तर बिल्डच्या एका एम४ फायलीत, आणि तीही गिटमध्ये नाही, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोक डाउनलोड करतात त्या गठ्ठ्यात. अजून एक गंमत, म्हणजे गंमत कसली, सीमेक या बिल्डच्या टूलसाठी लिहिलेल्या एका तपासणीत एक फालतू टिंब घुसवलेलं होतं. ते टिंब असल्यामुळे चाचणीचा छोटा प्रोग्राम कधीच कंपाइल होणार नाही, म्हणजे स्क्रिप्टला वाटणार या मशीनवर लिनक्सचं लँडलॉक नाहीये, आणि ती सुरक्षेची सोय चुपचाप बंद. एक टिंब हो! माळ्यावर कोणी चढत नाही हे बॅकडोर घालणाऱ्या माणसाला बरोबर माहीत होतं.

मग मी चढलो. चार रविवार गेले. त्यात हा स्लीप २ सापडला आणि मी तो काढून टाकला. सगळ्या टेस्ट हिरव्या, कोणी काही बोललं नाही, प्रत्येक बिल्डमागे दोन सेकंद वाचले म्हणून मी स्वतःवरच खूश.

तीन आठवड्यांनी एक बग आला. दूर देशातले एक शाळेतले मास्तर, त्यांच्या लॅपटॉपची डिस्क भरलेली म्हणून ते पेन ड्राइव्हवर बिल्ड करायचे. बिल्ड व्यवस्थित होतो म्हणे, पण 'अबाउट'मध्ये व्हर्जन शून्य दिसतं. मी आधी त्यांच्यावरच संशय घेतला, क्लीन बिल्ड करून बघा, असं सगळे सांगतात तसं सांगितलं. त्यांनी चार वेळा करून बघितलं आणि चारही लॉग पाठवले.

झालं होतं असं. काय पुन्हा कंपाइल करायचं ते ठरवणारा प्रोग्राम म्हणजे मेक. तो काय बघतो, तर फायलींच्या वेळा. सोर्स नंतरचा असेल तर पुन्हा कंपाइल, नाहीतर झोपा. आमची स्क्रिप्ट एक हेडर, म्हणजे बाकीच्या कोडमध्ये ओढून घ्यायची छोटी फाइल, आधी कच्चं लिहिते, त्यावर एक छोटं टूल कंपाइल करते, मग त्याच हेडरमध्ये खरा व्हर्जन नंबर भरते. आणि पेन ड्राइव्हवरची फॅट फाइल सिस्टिम बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदवते. सगळं त्याच दोन सेकंदांत उरकलं तर वेळ सारखीच पडते, मेक म्हणतो काही बदललेलं नाही, आणि जुनाच शून्य आत राहतो. म्हणून दोन सेकंद. कोणीतरी कधीतरी हे शोधून काढलं होतं, आणि मग कंटाळून फक्त 'काढू नका' लिहिलं होतं.

मेकचा जनक स्टुअर्ट फेल्डमन, बेल लॅब्ज, १९७६. मेकला सूचना देणाऱ्या मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, यावरून जगभरातल्या लोकांनी त्याला किती शिव्या दिल्या असतील. ती चूक त्याच्या लक्षात आली होती, पण तोपर्यंत डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यातले बरेचसे मित्रच, आणि त्यांच्या फायली मोडायला नकोत म्हणून त्याने टॅब तसाच ठेवला. पूर्वी मला हे वाचून हसू यायचं, बारा लोकांसाठी! आता माझ्याकडे तर एकच मास्तर होते.

ओळ परत घातली. वर चार ओळींची कमेंट, फॅट, वेळा, हेडर, सगळं लिहिलं. रिव्ह्यूमध्ये एकाने विचारलं, सरळ ते हेडर दोनदा लिहिणंच बंद केलं तर? बरोबर आहे त्याचं, पण ते हेडर दोनदा का लिहितात ते ज्या ओळीत आहे तिच्यावर अजून एक 'काढू नका' आहे.

तिथे मी अजून गेलेलो नाही.