‘१८/४’: फर्नेसचा फिल्टर, वॉरंटीचा क्लेम आणि माझे ५० दिवस

न्यू जर्सीतील आमच्या टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, आहे आणि तिच्याच डोक्यावर एसीची कॉइल, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांचे वेटोळे, बसवलेली आहे. घरभरातून परत येणारी हवा, हिवाळा असो वा उन्हाळा, ज्या एका फटीतून आत जाते, त्या फटीत १६ × २५ × १ इंच मापाचा, पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्टर असतो. तो किती दिवसांनी बदलावा, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नापायी २०२४ च्या उन्हाळ्यात माझे ५० दिवस गेले. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

३ जुलैच्या संध्याकाळी थर्मोस्टॅटवर ७४ अंश मागितलेले असताना घरात ८१ अंश फॅरनहाइट झाले होते. आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेली होती आणि तिला उकाड्याचे फारसे काही वाटत नव्हते; पण बेसमेंटमध्ये पाण्याचा ओघळ पहिल्यांदा दिसला तो तिलाच. खाली जाऊन पाहिले तर कॉइलमधून बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या जाड नळीवर, काळ्या फोमचे आवरण जिथे संपते तिथे, मनगटाएवढा बर्फ जमला होता. उन्हाळ्यात एसीच्या नळीवर बर्फ दिसला की कूलिंग ताबडतोब बंद करावे आणि पंखा ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर टाकून बर्फ वितळू द्यावा, हे मला त्या रात्री कळले. त्याला कित्येक तास लागतात आणि खाली परात ठेवावी लागते.

आमच्याकडे होम वॉरंटी होती. हा विमा नव्हे. वर्षाचे पैसे भरायचे, काही बिघडले की भेटीचे ठरावीक शुल्क द्यायचे आणि दुरुस्ती कंपनीने करून द्यायची, असा हा करार असतो. ४ जुलैची सुट्टी आणि तिला जोडून शनिवार-रविवार गेल्यावर सोमवारी, ८ तारखेला, त्यांचा टेक्निशियन आला. त्याने फिल्टर ओढून काढला, त्याचा एक फोटो घेतला, कॉइलचे झाकण काढून दोन फोटो घेतले आणि पंधरा मिनिटांत तो निघून गेला. जाताना फिल्टर भिंतीला टेकवून ठेवला, एवढे एक पुण्य मात्र त्याच्या खात्यावर जमा आहे.

११ जुलैला पत्र आले: देखभालीच्या अभावामुळे क्लेम नामंजूर. कारण म्हणून एकच वाक्य होते, की फिल्टरवर ‘९/८’ ही तारीख आढळली, म्हणजे तो दहा महिने बदललेला नाही.

मी चक्रावले. तो फिल्टर मीच एप्रिलमध्ये बसवला होता. आधी वाटले की दुसऱ्याच कोणाच्या घराचा फोटो आमच्या फाइलला जोडला गेला असेल, म्हणून दोन दिवस त्या दिशेने फोन करण्यात घालवले. फोटो पाठवा म्हटले, तर तो ‘अंतर्गत कागद’ असल्याचे उत्तर मिळाले. शेवटी शनिवारी रात्री भिंतीला टेकवलेला तो फिल्टर उचलून दिव्याखाली धरला आणि उलगडा झाला. मी चौकटीवर मार्करने तारीख लिहिते आणि ती लिहिते मराठी अंकांत, कारण घरातल्या बरण्यांवर, पिठाच्या डब्यांवर, लोणच्यांवर मी तशीच लिहीत आले आहे. चौकटीवर ‘१८/४’ असे लिहिलेले होते. आपला १ त्यांना ९ वाटला, ४ तर हुबेहूब त्यांचा ८ आणि मधला आपला ८ हा मार्करचा फराटा समजून कोणीतरी सोडून दिला. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. तेव्हा माझा १८ एप्रिल त्यांच्या लेखी ८ सप्टेंबर झाला. टेक्निशियन आला त्या दिवशी फिल्टरला ८१ दिवस झाले होते आणि खोक्यावर ९० दिवस छापलेले होते.

एवढे समजल्यावर प्रकरण दोन दिवसांत मिटेल असे मला वाटले, आणि इथेच माझा अंदाज साफ चुकला. अपिलाच्या ऑनलाइन अर्जात एकच फाइल जोडता येत होती आणि तिला आकाराची मर्यादा होती; फोटो लहान केला तर ‘अस्पष्ट’ म्हणून परत येई आणि मोठा ठेवला तर अर्ज पुढेच सरकत नसे. फोनवर पहिल्या बाईंनी फिल्टर खरेदीची पावती मागितली. ती दिल्यावर दुसऱ्या गृहस्थांनी सांगितले की खरेदी झाली म्हणजे फिल्टर बसवला असे सिद्ध होत नाही. परवानाधारक कंत्राटदाराच्या भेटीची नोंद हवी. आता फटीतून एक पुठ्ठा ओढायचा आणि दुसरा सरकवायचा, या दोन मिनिटांच्या कामासाठी पैसे मोजून कंत्राटदार कोण बोलावतो? तिसऱ्या प्रतिनिधीला मी अंकांची गोष्ट सांगितली, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. नंतर त्याने विचारले की या लिपीचे प्रमाणित भाषांतर मिळू शकेल काय. तीन अंकांचे!

मी कागदावर एक ते नऊ आणि शून्य असे दहा मराठी अंक, त्यांच्याखाली इंग्रजी अंक, फिल्टरचा फोटो आणि एक प्रतिज्ञापत्र असा संच केला आणि बँकेत नोटरीकडे गेले. त्या बाई सज्जन होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितले की नोटरी माझ्या सहीची साक्ष देते. कागदात लिहिले आहे ते खरे की खोटे, याच्याशी तिचा संबंध नसतो. तरी शिक्का बसला. तो संच पाठवल्यावर आठ दिवस सामसूम होती, आणि मग जे उत्तर आले त्यात तारखेचा मुद्दा गुपचूप सोडून देऊन नवाच मुद्दा काढलेला होता: करारानुसार देखभाल निर्मात्याच्या सूचनांप्रमाणे व्हायला हवी आणि फर्नेसच्या पुस्तिकेत फिल्टर दरमहा तपासण्यास सांगितलेले आहे.

ती पुस्तिका फर्नेसच्या अंगाला प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवलेली होती आणि सहा वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती. त्यात खरोखरच तसे लिहिले होते. म्हणजे माझ्यासमोर आता तीन उत्तरे होती: फिल्टरच्या खोक्यावर ‘९० दिवसांपर्यंत’, थर्मोस्टॅटच्या पडद्यावर ९० दिवसांची आठवण आणि यंत्र बनवणाऱ्याचे ‘दरमहा पाहा’. यांतला ‘पर्यंत’ हा शब्द मी इतकी वर्षे वाचलाच नव्हता, हे कबूल करायला हवे. थर्मोस्टॅटबद्दलही माझा भाबडा समज होता की त्याला फिल्टर मळल्याचे कुठूनतरी कळत असावे. आमचा थर्मोस्टॅट निव्वळ दिवस मोजतो. काही मॉडेल पंखा चालल्याचे तास मोजतात आणि ते जरा बरे, कारण एप्रिल-मे महिन्यांत यंत्र बहुतेक झोपलेले असते आणि जूनच्या अखेरीस ते दिवसभर धावते. दोन्हींकडचे तीस दिवस सारखे नव्हेत.

आई हे सगळे ऐकत कणीक मळत होती. ती म्हणाली, “अगं, चाळण तारखेवर कोण झटकतं? चाळायला जड गेली की झटकतात.” मी त्या वेळी तिच्यावर खेकसले, त्याचे मला अजून वाईट वाटते.

जुलै संपत आला तेव्हा मी स्वतःच्या पैशाने बाहेरचा टेक्निशियन बोलावला आणि हे मी पहिल्याच आठवड्यात का केले नाही, याचा पश्चात्ताप अजून होतो. वॉरंटीवाल्यांनी ‘देखभालीचा अभाव’ असे म्हटले की दुसऱ्या दिवशीच स्वतंत्र माणसाकडून मोजमापांसह लेखी अहवाल घ्यावा. फोनवरच्या वादातून काही निघत नाही. जुना फिल्टरही कचऱ्यात टाकू नये. आमच्या या माणसाने तो परत फटीत घालून हवेचा दाब मोजला: जुन्या फिल्टरसह ०.७ इंच पाणी (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात), नव्या साध्या फिल्टरसह ०.४५. आमच्या यंत्राची मर्यादा ०.५ आहे. म्हणजे कंपनीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. ८१ दिवसांच्या त्या फिल्टरने यंत्राचा श्वास कोंडला होता. पण नवा फिल्टर घालून, कॉइल पूर्ण कोरडी करून यंत्र चालवले तरी तीन तासांनी बर्फ पुन्हा धरला.

याचे कारण त्याने मला समजावले ते असे. कॉइल साधारण ४० अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. तिच्यावरून पुरेशी उबदार हवा गेली नाही, तर ती ३२ अंशांच्या खाली उतरते, हवेतला दमटपणा तिच्यावर गोठतो, बर्फामुळे हवा आणखी अडते आणि बर्फ वाढत जातो. रेफ्रिजरंट, म्हणजे नळ्यांतून फिरून गारवा आणणारे द्रव्य, गळून कमी झाले तरीही दाब पडतो, कॉइल तशीच गारठते आणि बर्फ तसाच दिसतो. नुसता बर्फ पाहून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. तो कळतो सुपरहीट मोजल्यावर, म्हणजे कॉइलमध्ये रेफ्रिजरंट उकळून वायू झाल्यानंतर तो आणखी किती अंश तापला, यावरून: हवा अडलेली असेल तर हा आकडा खाली येतो आणि रेफ्रिजरंट कमी असेल तर वर जातो. आमचा बराच वर होता. मग गळती शोधण्याचे यंत्र कॉइलच्या वळणांवरून फिरवताना एका ठिकाणी ते किंचाळले आणि साबणाच्या पाण्याचा बुडबुडा तिथे फुगला. तो बुडबुडा मी फोनवर चित्रित केला. त्यानंतर हा सगळा लढा मला आवडू लागला, हे खोटे कशाला बोलू.

अहवाल आणि बुडबुड्याची चित्रफीत पाठवल्यावर १६ ऑगस्टला क्लेम मंजूर झाला आणि २२ तारखेला कॉइल बदलली. मधले दिवस आईच्या खोलीत खिडकीचा एसी लावून आम्ही काढले. अंकांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला कूलिंगच्या हंगामात दर एक-दोन महिन्यांनी फिल्टर साफ करावा किंवा बदलावा असा आहे. एनर्जी स्टार या तिथल्या ऊर्जाबचतीच्या सरकारी कार्यक्रमाचे म्हणणे की दरमहा पाहावा आणि काहीही झाले तरी तीन महिन्यांच्या पुढे नेऊ नये. निळसर फायबरग्लासचे स्वस्त फिल्टर महिनाभराचे असतात. चुण्यांचे एक इंची एक ते तीन महिने जातात. चार-पाच इंच जाडीचे सहा महिने ते वर्षभर. माझ्या घरी एक इंची फिल्टर जुलै-ऑगस्टमध्ये आणि कडाक्याच्या जानेवारीत जेमतेम ४५ दिवस टिकतो. ओट्यावरचा पंखा वाफ बाहेर न टाकता जाळीतून परत खोलीतच सोडतो, त्यामुळे फोडणीचा तेलकट धूर हवा परत नेणाऱ्या मार्गातून थेट बेसमेंटमध्ये पोहोचतो. तो जुना फिल्टर नाकाशी धरला तर त्याला हिंग-मोहरीचा वास येत होता. धूळ नुसती साचते, तेल मात्र तिला चुण्यांत लिंपून टाकते. कुत्रा-मांजर असेल, घरात भिंतींचे काम चालू असेल, तर याहूनही लवकर बदलावा लागेल. ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) घासत असतील तेव्हा यंत्र बंदच ठेवलेले बरे.

चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेने असावा. माप जुन्या फिल्टरवरून घ्यावे, फट टेपने मोजून नव्हे. १६ × २५ असे छापलेला फिल्टर प्रत्यक्षात प्रत्येक बाजूने सुमारे पाव इंच लहान असतो आणि फट मोजणारा माणूस दुकानात गोंधळतो. नवा फिल्टर घालण्याआधी कोरा असतानाच एकदा दिव्यासमोर धरून पाहावा, म्हणजे महिन्याने किती उजेड अडतो याची तुलना करता येते.

आणि मर्व्हबद्दल, म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो ते सांगणाऱ्या आकड्याबद्दल, सांगायचे राहिलेच. जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांचा धूर इकडे आला आणि दुपारी आकाश नारिंगी झाले, तेव्हा घाबरून मी मर्व्ह १३ चे सहा फिल्टर मागवले होते आणि नंतर तेच वापरत राहिले. धुराचे बारीक कण अडवायला मर्व्ह १३ खरोखरच चांगला. पण एक इंच जाडीत तो हवेलाही अडवतो आणि मळल्यावर फारच अडवतो. आमच्या फर्नेसला रोजच्यासाठी मर्व्ह ८ पुरतो, असे त्या टेक्निशियनने मोजून सांगितले. उरलेले दोन मर्व्ह १३ बेसमेंटच्या फळीवर आहेत. धुराच्या दिवसांत घालायचे आणि हवा निवळली की काढायचे. चौकटीवर मी तारीख आता दोनदा लिहिते: वर मराठीत, खाली इंग्रजीत, महिन्याचे नाव अक्षरांत.