बिल्जमधलं तेल डब्यानेच वर यायला हवं

इंजिनखान्यात, बोटीच्या तळाशी जिथे पाणी साचतं त्या बिल्जमध्ये, तेल सांडलं की बहुतेक बोटींवर एकच उपाय चालतो. कपडे धुण्याच्या पावडरीची पिशवी फाडायची, दोन बादल्या पाणी ओतायचं, खराट्याने ढवळायचं आणि पंप लावायचा. थोड्या वेळात तळ स्वच्छ दिसतो, बाहेर पाण्यावर तवंगही दिसत नाही. सगळे हात धुऊन वर येतात. मला मात्र तो नाहीसा झालेला तवंगच जास्त छळतो, कारण तेल सगळंच्या सगळं खाडीत उतरलेलं असतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै-अंजर्ले पट्ट्यात बोटींच्या डिझेल इंजिनांची कामं करतो. १ जूनला मासेमारी बंदी लागते, त्याआधी हर्णैच्या बोटी आसऱ्याला अंजर्ल्याच्या खाडीत येतात. तशीच मामाची बोट आत येत होती. तेलाचा दाब एकदम खाली आला आणि ड्रायव्हरने क्षणात इंजिन बंद केलं. त्याच्या त्या चपळाईमुळे क्रँकशाफ्टची बेअरिंगं वाचली. मी पोहोचलो तेव्हा फळ्या उचललेल्या होत्या आणि संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या तेलपात्रातलं, जवळपास सगळं ऑइल, १५-१६ लिटर, इंजिनाखालच्या बिल्जमध्ये तिथल्या पाण्यावर काळंभोर तरंगत होतं.

तांडेलकाकांच्या हातात पावडरीची पिशवी होतीच. म्हणाले, "भाच्या, ओहोटी लागलीय. आत्ता पंप मारला तर घेऊन जाईल सगळं."

"काका, थांबा. आधी पंपाची फ्यूज काढतो."

ही फ्यूज सगळ्यात आधी. बिल्जचा पंप तरंगत्या स्विचवर चालतो, पाणी वाढलं की आपोआप सुरू होतो. त्याला पाणी काय आणि तेल काय, सारखंच. आपण वर चहा घेत असताना तो आपलं काम करून मोकळा होतो. पण लाकडी बोटीत पंप फार वेळ बंदही ठेवता येत नाही, पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवायला पॅकिंग भरलेली ग्लँड असते, तिच्यातून थेंब थेंब पाणी येतच असतं. म्हणून ग्लँडचे नट थोडे आवळले. शाफ्ट फिरत नसताना हे चालतं. इंजिन सुरू करण्याआधी ते आठवणीने सैल करायचे, नाहीतर पॅकिंग जळतं.

आता साबणाबद्दल, कारण सगळा वाद तिथेच आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं, आणि तरंगतं म्हणूनच हाती लागतं. साबण पडला की त्याचे बारीक बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात, पाणी दुधाळ होतं. मग ते वरून काढता येत नाही, शोषून घेता येत नाही, पिंपात ठेवलं तरी लवकर वेगळं होत नाही. समुद्रावरच्या मोठ्या जहाजांना, ४०० टनांच्या वरच्या, मारपोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने एक मर्यादा घातली आहे: बाहेर सोडायच्या पाण्यात तेल दहा लाखांत १५ भागांपेक्षा जास्त नको. त्या हिशेबाने एका लिटर तेलाला ६६ हजार लिटरहून जास्त पाणी लागेल. आमच्या बोटी त्या नियमाच्या खूप खालच्या आकाराच्या आहेत. पण खाडीही लहानच आहे.

२०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, तेल कांदळवनांत शिरलं, लोक मासळी घ्यायला घाबरू लागले. ते सगळ्या देशाने पाहिलं. पंपातून सुटणारं चार लिटर तेल कुणी पाहत नाही. ओहोटीने नेलेलं तेच तेल भरतीला परत आत येतं, तिवरांच्या मुळांना चिकटतं. अंजर्ल्याच्या बायका ओहोटीला ज्या चिखलात तिसऱ्या काढतात, तिथेही बसतं. तिसरी पाणी गाळून जगते. तिच्या मासाला डिझेलचा वास लागला की कालवणाचं पातेलं ओतून द्यावं लागतं. याच गावाच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात आणि ती राखायला आपलीच माणसं रात्र रात्र जागतात. मला या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

काकांनी पिशवी खाली ठेवली. मग काम सुरू झालं.

इंजिन गार होऊ दिलं. जाड थर पत्र्याच्या सपाट डब्याने वरच्यावर काढला, सायीसारखा, खालचं पाणी न ढवळता. घाई केली की तेल-पाणी एक होतं आणि दुप्पट वेळ जातो. भरलेले कॅन होडीतून किनाऱ्यावर. डबा जिथे शिरत नाही तिथे, गिअरबॉक्सखाली आणि फासळ्यांच्या मधल्या खाचांत, शोषून घेणारं काहीतरी लागतं. पॉलिप्रॉपिलीनची पांढरी शीट मिळते, ती तेल घेते आणि पाणी सोडते. करड्या रंगाची शीट सहसा दोन्ही पिते, बिल्जमध्ये ती वाया जाते. आमच्याकडे पांढरीही नव्हती. मामीने माळ्यावरची सावरीच्या कापसाची जुनी उशी दिली. या कापसाचा तंतू आतून पोकळ असतो आणि वरून मेणचट, त्यामुळे पाण्यावर तरंगतो आणि तेल ओढतो. औषधाच्या दुकानातला कापूस इथे उपयोगाचा नाही, तो पाणीच पितो. बारीक आसाच्या जुन्या जाळ्याच्या पिशव्या शिवल्या, त्यात कापूस भरला आणि खाचांत सोडल्या. भरल्या की डब्यावर पिळायच्या, परत सोडायच्या. खलाशी पोरांना हे इतकं पटलं की उरलेली उशी त्यांनी जपून ठेवली.

शेवटी चिंध्या. इंजिनाचे रबरी पाय, पट्टे, होज, सगळं पुसलं, कारण तेलात राहिलं की रबर फुगतं, मऊ पडतं. एक्झॉस्टला गुंडाळलेली पट्टी मात्र पुसून भागत नाही. तिने तेल प्यायलं असेल तर कापून काढायची आणि नवी बांधायची. इंजिन तापलं की त्या पट्टीतून आधी धूर येतो, मग जाळ. इथे पैसे वाचवू नका, हात जोडून सांगतो. आणि चिंध्यांचं आणखी एक: लाकडाला मासळीचं तेल लावतात त्याचे बोळे या ढिगात टाकू नका. ते तेल वाळताना आपसूक तापतं आणि ढीग पेटू शकतो.

साबण आलाच, पण सगळ्यात शेवटी, बादलीत चमचाभर. ते पाणीही फडक्याने टिपून कॅनमध्येच गेलं.

तेल गेलं कुठून? फिल्टर उतरवला आणि लगेच कळलं. मागच्या वेळी जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाच्या बैठकीलाच चिकटून राहिली होती आणि नवा फिल्टर तिच्यावर बसवला गेला होता. अशा दोन रिंगा काही काळ धरतात, मग दाबाखाली एक बाहेर फेकली जाते. फिल्टर बदलताना बैठकीवरून बोट फिरवून बघावं आणि जुन्या फिल्टरला त्याची रिंग आहे ना हे पाहावं, मगच तो टाकावा. आता तिथे नवा फिल्टर आहे, आणि इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा ठेवलाय. एक थेंब पडला तरी कुठून पडला ते दिसतं.

राहिले कॅन. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते परवाना असलेल्या पुनर्वापरवाल्याकडे जायला हवं. एका बोटीच्या एका कॅनसाठी कुणी गाडी पाठवत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी माझ्या शेडमध्ये झाकणाचं पिंप ठेवलंय, पिंप भरलं की गाडी बोलावतो. तेलाने भरलेला कापूस आणि चिंध्या वेगळ्या डब्यात. बोटी खाडीत आहेत तोवर ज्याला बिल्ज काढायचं असेल त्याने कॅन घेऊन यावं, पैसे नाहीत. फक्त साबण मिसळलेलं पाणी वेगळ्या कॅनमध्ये आणा आणि वर खडूने लिहा, म्हणजे चांगल्या तेलात ते ओतलं जाणार नाही.