कोल्हापूर ते दिब्रुगढ: विमानप्रवासाचा हिशेब

मुलीला दिब्रुगढच्या आसाम वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि कोल्हापूरहून तिथे विमानाने पोहोचायला किती वेळ लागतो, हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले. संकेतस्थळांवर उत्तर चुटकीसरशी मिळते: अंतर सुमारे २,४५० किलोमीटर, उड्डाण साडेतीन तासांचे. उजळाईवाडी आणि मोहनबारी या दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी गोलीय त्रिकोणमितीच्या सूत्राने पडताळा घेतला, तेव्हा अंतर बरोबर निघाले. वेळेचा आकडा मात्र त्या अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागून आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवून काढलेला असतो. या दोन गावांमध्ये थेट विमानच नाही, याचा त्या भागाकाराशी काही संबंध नसतो.

मग मी टप्प्यांची बेरीज केली. कोल्हापूर ते हैदराबाद सुमारे ४४५, हैदराबाद ते कोलकाता १,२०७ आणि कोलकाता ते दिब्रुगढ ८५२, म्हणजे एकूण २,५०४ किलोमीटर. दोन ठिकाणी विमान बदलूनही सरळ रेषेपेक्षा जेमतेम साठ किलोमीटर जास्त! ती रेषा उत्तर बांगलादेशावरून जाते आणि हैदराबाद व कोलकाता तिच्यापासून फारसे दूर नाहीत, हे नकाशावर दोरा ताणला की लगेच दिसते. मुंबईमार्गे गेल्यास आधी वायव्येला जाऊन मग पूर्वेला वळावे लागते आणि तीनशेहून अधिक किलोमीटर वाढतात. तरीही मुंबईचा पर्याय मी लगेच बाद केला नाही, कारण अंतरापेक्षा पुढचे विमान किती वेळाने मिळते, यावरच सारे अवलंबून होते.

हैदराबादपर्यंतचे विमान पंख्याचे, एटीआर जातीचे होते. त्याचा वेग जेट विमानाहून बराच कमी असल्याने सर्वांत लहान टप्प्यालाही तासाहून अधिक वेळ लागतो. पुढचे दोन टप्पे धरून हवेतला वेळ पाच तासांच्या आसपास भरला, आणि थांबे मिळवल्यावर सगळा दिवस गेला. तिकीट काढताना मी एकच गोष्ट कटाक्षाने पाळली: तिन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर घेतले. वेगवेगळी तिकिटे काही वेळा स्वस्त पडतात, पण मग सामान ताब्यात घेऊन ते पुन्हा द्यावे लागते, काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. गाद्या-पुस्तकांसह निघालेल्या विद्यार्थिनीसाठी ही बचत मला महागच वाटली.

परतीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, त्यामुळे पूर्वेकडे जाताना वाचलेली मिनिटे पश्चिमेकडे येताना परत द्यावी लागतात. शिवाय दिब्रुगढ कोल्हापूरच्या पूर्वेला जवळजवळ एकवीस रेखांश आहे. घड्याळ एकच असले तरी सूर्य तिथे सुमारे ८३ मिनिटे आधी माथ्यावर येतो. आसामातले चहामळे म्हणूनच आपले घड्याळ तासभर पुढे ठेवतात. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास अंधारते, म्हणून मुलीच्या सुटीची तिकिटे काढताना मी दिब्रुगढहून दुपारपूर्वी सुटणारे विमान निवडतो आणि कोलकात्यात धुक्यामुळे होणाऱ्या उशिरासाठी निदान तीन तासांचे अंतर ठेवतो.