खुर्दची पावती, बुद्रुकचा टीव्ही

पहिली-दुसरीच्या पोरांना टॅबलेटवर गटात कसं शिकवता, असं कुणी विचारलं की मी आधी वीज बिलाची गोष्ट सांगते. समोरचा वैतागतो. पण काय करू, गट बसवायला मला फार वेळ लागला नाही, लाईन आणायला लागला.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या बाजूला. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पट तीसच्या आत. पहिली आणि दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. निम्मी पोरं पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, घरी कोलामी बोलणारी. लोकवर्गणीतून टीव्ही आला, एका दात्याने तीन टॅबलेट दिले, भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ रंगवूनही झालं. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटी उघडतात. आमची उघडली तेव्हा थकबाकीपायी लाईन कापलेली होती.

थकबाकी तर ग्रामपंचायतीने सुट्टीतच भरली होती. माझ्याकडे पावतीची झेरॉक्स होती. वीज कार्यालयात गेले, तिथल्या बाबूने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, ही पावती तुमची नाही.”

आमच्या गावाची दोन गावं आहेत, बुद्रुक आणि खुर्द. दोन्हीकडे शाळा. बिलावर दोघांचंही नाव ‘मुख्याध्यापक, जि. प. शाळा’ आणि पुढे नुसतं गाव, खुर्द-बुद्रुक काही नाही. पैसे भरणाऱ्याने नाव पाहिलं, बारा आकडी ग्राहक क्रमांक पाहिला नाही. आमची रक्कम खुर्दच्या खात्यात जमा. त्यांचं बिल वजामध्ये यायला लागलं आणि आमची पोरं आषाढातल्या अंधाऱ्या खोलीत.

मग वळती करा, म्हटलं. त्यासाठी खुर्दच्या मुख्याध्यापकांचं पत्र हवं. ते सर भले माणूस, पण म्हणाले, “जमा रक्कम सोडून द्यायचा अधिकार मला कुठे आहे? वरून पत्र आणा.” वरून म्हणजे केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून. ते मिळालं तर बाबूने मूळ पावती मागितली. मूळ पावती ग्रामपंचायतीच्या फाईलला टाचलेली, फाईल ऑडिटला गेलेली. ग्रामसेवकांकडे तीन गावांचा कारभार, ते भेटतील तो दिवस आपला. कार्यालयात गेलं की “साहेब फिल्डवर गेले ना मॅडम, होऊन जाईन तुमचं काम.” आणि शिवाय दम, लवकर करा, नाहीतर पीडी होईल. पीडी म्हणजे कनेक्शन कायमचं बंद, मग नव्या जोडणीचा अर्ज, पुन्हा अनामत.

शाळेच्या अनुदानातून भरून टाका, असाही सल्ला मिळाला. आमच्या पटाला वर्षाचं अनुदान १०,००० रुपये, त्यात खडू-फळ्यापासून डागडुजीपर्यंत सगळं. शिवाय एकच बिल दोनदा भरल्याचं ऑडिटला कोण सांगणार?

(आत्ताच सांगून टाकते, मागाहून विसरेन: प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवकचा शिक्का व तारीख घ्या. “ठेवून जा, देतो साहेबांना” म्हणतात, तो कागद पुन्हा दिसत नाही.)

या काळात टॅबलेट मी घरून चार्ज करून आणत होते. टीव्ही बंद, म्हणून तीन टॅबलेटवर तीन गट केले. इयत्ता पाहिली नाही, वाचायला कुठवर येतं ते पाहून बसवलं. टॅबलेट चटईच्या मधोमध, मांडीवर नाही, हा पहिला नियम. एक जण बोट लावेल, एक सांगेल, बाकीचे पाटीवर लिहितील, आणि दर चित्राला बोट बदलेल. बोटाचा मान कुणाचा यावरून पहिला आठवडा नुसती रडारड.

एकदा प्रत्येक गटाला एक अक्षर दिलं आणि त्याचे फोटो काढून आणायला सांगितलं. ‘क’वाल्यांनी कोंबडी आणली, कुदळ आणली, छपरावरचं कवेलू आणलं. चौथा फोटो कुंपणापलीकडच्या कापसाच्या झाडाचा. ‘प’वाला गट धावून आला, “मॅडम, हे आमचं आहे, पराटी!” अर्धा तास भांडण. मी मध्ये पडले नाही. शेवटी पोरांनीच दोन्ही शब्द पाटीवर लिहून दाखवले. टीव्हीपुढे रांगेत बसून गाणी पाहणाऱ्या वर्गात मी असं भांडण कधी ऐकलं नव्हतं.

पोडावरच्या एका आजीची गोष्टही कोलामीत रेकॉर्ड केली. ती ऐकून कोलाम पोरं बाकीच्यांना मराठीत सांगायची. जी महिनोन्महिने तोंड उघडत नव्हती, त्यांच्याकडे गट कान देऊन बसला. तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र विचारलं, टीव्ही चालू असल्याचा फोटो कुठे आहे?

पुस्तकातले क्यूआर कोड चांगले आहेत, पण आमच्याकडे रेंज फक्त मारुतीच्या पारावर. त्यांतून उघडणारे, दीक्षा या सरकारी ॲपमधले पाठ आदल्या रात्री डाऊनलोड करून ठेवा, वर्गात उघडत बसलात तर गट हातचा जातो. दुसरं, कापूस वेचणीच्या दिवसांत गट रोज मोडतात, पोरं आईबापासोबत शेतात असतात. तेव्हा गटप्रमुख वगैरे नेमायच्या फंदात पडू नका, जो हजर तो प्रमुख.

लाईन शेवटी दिवाळीनंतर आली. कार्यालयात बदलून नवीन साहेब आले होते. मी दोन्ही शाळांच्या मीटरचे नंबर दिसतील असे फोटो आणि शिक्के मारलेल्या अर्जांचा गठ्ठा पुढे ठेवला. त्यांनी दोन फोन केले, मूळ पावती मागितलीच नाही, रक्कम वळती केली. इतकंच काम होतं. मी बाहेर येऊन त्या बाबूच्या टेबलासमोर उभी राहून चहा प्यायले, मुद्दाम सावकाश.

आता पंखे फिरतात, उन्हाळ्यातली सकाळची शाळा सुसह्य होते. टीव्ही शनिवारी लावते, टॅबलेटचे गट रोजचे. बिलावर ‘बु.’ लावून घ्यायचा अर्ज अजून तिथेच पडून आहे, म्हणून दर वेळी ग्रामपंचायतीच्या शिपायाला ग्राहक क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून देते आणि नाव पाहू नको म्हणून बजावते.