थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर बिघडलेलं आयडलिंग: शोधाशोधीची नोंद

गाडी २०१४ची, १२०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचं दार). ठरवलेली कामं साधी: एअर फिल्टर, चारही प्लग आणि थ्रॉटल बॉडीची सफाई. थ्रॉटलच्या फ्लॅपच्या कडेला ऑइलच्या वाफेचा काळा, चिकट थर बसला होता, तो सगळा काढला. त्यानंतर गाडी सुरू केली तर आरपीएमचा काटा १५००पर्यंत चढायचा, धपकन ११००वर यायचा आणि पुन्हा वर. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत बसून कुणीतरी उगाच रेस देतंय.

पहिला संशय ठरलेला. फ्लॅपच्या कडेला घाण साचत जाते तशी हवेची फट कमी होते आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) फ्लॅप थोडा जास्त उघडा ठेवायला शिकतो. घाण निघाली तरी ती शिकवण तशीच राहते, त्यामुळे हवा जास्त येते आणि आयडल (रेस न देता इंजिन ज्या आरपीएमवर फिरतं तो) वर जातं. हे नेहमीचं आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने आयडल रीलर्न केलं, म्हणजे ईसीयूला ते नव्याने शिकवलं. ही पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते, तेव्हा दुसऱ्याच गाडीचा व्हिडिओ बघून चावी फिरवत बसू नका. काट्याचं वर-खाली बंद झालं, पण आयडल १२००च्या आसपास अडकलं. हवं होतं ८००च्या आतबाहेर.

इथे एक गोष्ट लक्षात आली. एसी लावला की गाडी एकदम शहाणी व्हायची. आयडल खाली, आवाज सरळ. एसी बंद केला की परत तेच. प्लग किंवा कॉइलमुळे मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) असतं तर कॉम्प्रेसरचा भार पडल्यावर गाडी जास्त धडधडली असती. भार आल्यावर सुधारते याचा अर्थ जादाची हवा तो भार खाऊन टाकतोय. तरीही खात्रीसाठी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढून पाहिला. चारही वेळा आरपीएम सारखाच पडला, म्हणजे चारही सिलिंडर कामावर आहेत. यासाठी कॉइल काढण्यापेक्षा इंजेक्टर काढलेला बरा. कॉइल काढली की न जळलेलं पेट्रोल थेट धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

मग स्कॅनर लावला. आपल्याकडे एप्रिल २०१३पासून गाड्यांना ओबीडी-२ (गाडीचे दोष आणि आकडे स्कॅनरला सांगणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनरही कामापुरते आकडे दाखवतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरल्या हिशोबापेक्षा किती जास्त-कमी पेट्रोल देतोय ते) अधिक ५ टक्के. ही चिंतेची बाब नाही. निव्वळ पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण साधारण १४.७ ला १ लागतं, ई-२०ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) ते १३.५च्या जवळ येतं. जुन्या कॅलिब्रेशनच्या गाडीत ई-२० भरलं की ट्रिम थोडी अधिककडे जाणारच. सध्या ट्रिम बरोबर शून्य दिसायला हवी हा हट्ट सोडलेला बरा.

पण ट्रिम ठीक दिसतेय म्हणून कुठून हवा ओढत नाहीये, असं धरून चालणं चूक. परदेशी व्हिडिओंत सांगतात की व्हॅक्यूम लीक असेल तर आयडलला ट्रिम अधिक १५-२० होते आणि २५०० आरपीएमला खाली येते. ते मास एअरफ्लो सेन्सरच्या गाड्यांना लागू. तिथे सेन्सर ओलांडून आत शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आपल्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर असतो आणि तो मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपुढे हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळकांड्यातला) दाब मोजतो. हवा चोरवाटेने आली तरी दाब वाढतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल देतो, ट्रिम सुरळीत राहते आणि आयडल मात्र वर चढतं. अशा गाडीत थ्रॉटल किती उघडा आहे ते बघायचं. सफाईआधी मी सगळे आकडे लिहून ठेवले होते. त्यांच्या तुलनेत थ्रॉटल आता बराच खाली, अगदी तळाला टेकलेला. म्हणजे ईसीयूने दार जवळजवळ लावून घेतलंय आणि हवा तरीही येतेय.

सुरुवातीच्या वर-खालीचं कोडंही इथेच सुटलं. थ्रॉटल बंद आणि आरपीएम जास्त दिसला की ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, आणि तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, पेट्रोल परत सुरू होतं, पुन्हा चढतो.

(मॅप सेन्सरची तपासणी सोपी आहे. चावी ऑन, इंजिन बंद ठेवलं की त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या जवळ असतो. पुणं ५६० मीटर उंचीवर, म्हणून इथे ९५च्या आसपास. माझा बरोबर होता.)

गळती शोधायला लोक कार्ब क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टच्या शेजारी मला ते पटत नाही. अगरबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते बघणारेही आहेत, पण फ्युएल रेलजवळ पेटती अगरबत्ती नको आणि दोन्ही उपाय एकत्र तर अजिबात नकोत. मी पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून मॅनिफोल्डकडे जाणारी एकेक नळी दाबत गेलो. पर्ज व्हॉल्व्हची (पेट्रोल टाकीतली वाफ आणणारी) दाबली, फरक नाही. ब्रेक बूस्टरची दाबली, फरक नाही. पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी मॅनिफोल्डजवळ दाबली आणि आयडल थेट ८००वर. निरोगी गाडीतही ही नळी दाबली की आरपीएम थोडा पडतो, पण एवढा नाही.

मग व्हॉल्व्ह की नळी? व्हॉल्व्ह काढून हलवला तर आत खुळखुळ वाजला, म्हणजे अडकलेला नाही. परत नळीत बसवून इंजिन चालू केलं आणि व्हॉल्व्हचं दुसरं टोक अंगठ्याने बंद केलं. ओढ अगदी कमजोर, आरपीएम तसाच. शेवटी मॅनिफोल्डजवळचा काटकोनी रबरी एल्बो सापडला. वरून ठणठणीत, खालून उष्णतेने आणि ऑइलने कडक होऊन लांबलचक चिरलेला.

चीर ताजी नव्हती, तिच्या कडा काळ्या आणि झिजलेल्या होत्या. मला वाटतं घाण आणि गळती बरेच दिवस एकमेकांना सांभाळून घेत होत्या. थ्रॉटलपाशी जितकी हवा अडत होती तितकी एल्बोतून भरून निघत होती आणि आयडल ८००वर दिसत होतं. सफाईने घाण गेली, गळती राहिली.

एल्बो नाना पेठेत दोनशे रुपयांच्या आत मिळाला. साधी पेट्रोलची नळी वाकवून बसवण्याचा सल्ला दुकानात मिळाला, तो घेऊ नका. तेवढ्या वळणावर ती चिमटते आणि व्हॅक्यूमने चपटी होते. नवीन एल्बो, नवीन क्लिपा, पुन्हा रीलर्न. आता इंजिन गरम असताना आयडल ७८०, मॅप ३३ किलोपास्कल, थ्रॉटल तळावरून उठून सफाईआधीच्या आकड्याच्या किंचित खाली, ट्रिम अधिक ४.

सिग्नलला एसी चालू असताना स्टिअरिंगमध्ये अजून बारीक थरथर येते. आरपीएम मात्र स्कॅनरवर जागचा हलत नाही, तेव्हा दोष हवेचा किंवा ठिणगीचा नसावा. गिअरबॉक्सकडच्या माउंटचं (इंजिन धरून ठेवणाऱ्या आधाराचं) रबर बसलेलं दिसतंय. पुढच्या सुट्टीला इंजिनखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावून ते काढणार आहे.